वारसा आणि रुग्णहित

जुनी वास्तू राखावी की रुग्णांची सोय पाहावी, असा प्रश्न रुग्णालयांपुढे वारंवार उभा राहतो. या संदर्भात हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाचे उदाहरण आम्हांस उद्बोधक वाटते.

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात तेथील अफझलगंज रुग्णालय उद्ध्वस्त झाले. आवारातील चिंचेच्या झाडाच्या आश्रयाने सुमारे दीडशे जणांचे प्राण वाचले. पुढे सातव्या निजामांच्या कारकिर्दीत, व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार, नदीकाठी घुमटांची भव्य वास्तू उभी राहिली. मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता.

२०१५ मध्ये तेलंगणा शासनाने ही वास्तू पाडण्याचा मनोदय जाहीर केला. इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे, असे सांगत नागरिक व ‘इंटॅक’ या संस्थेने त्यास विरोध केला. मात्र दुरुस्ती रखडली आणि जुलै २०२० मध्ये रुग्णकक्षांत पावसाचे पाणी शिरले. रुग्णांस अन्यत्र हलवावे लागले. अखेर ३१ जानेवारी २०२५ रोजी नव्या रुग्णालयाची पायाभरणी गोशामहल येथे झाली.

पाडकाम थांबले म्हणजे वास्तू वाचली असे नव्हे. गळके छत व तुंबलेली गटारे वेळीच दुरुस्त न केल्यास वारशाची किंमत रुग्णास मोजावी लागते. आम्हां सर्व धर्मादाय रुग्णालयांनी हे ध्यानी ठेवावे.