बॅटरीवरच्या टेम्पोला झाकण कोणते घ्यावे ?



आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर आता बॅटरीवर चालणारे छोटे टेम्पो दिसू लागले आहेत. २०२२ साली आलेली टाटा एस ईव्ही ही गाडी ६०० किलो माल वाहणारी होती. २०२४ साली त्यातच १ टनाचा प्रकार निघाला. उसाच्या तोडीवर ही गाडी उपयोगी नाही, ते काम ट्रॅक्टर-ट्रकचेच. परंतु खताची पोती, भाजीपाला, उसाची रोपे यांच्यासाठी ती सोयीची आहे. गाडी घेताना सभासद किंमत विचारतात, कर्ज विचारतात, बॅटरीची हमी विचारतात. हौद्यावर काय टाकायचे, हे मात्र पहिला पाऊस आला की आठवते. म्हणून हा लेख.

प्रथम आमचीच चूक सांगतो. मागे एकदा रोपवाटिकेतून अर्ध्या एकराची रोपे अशाच गाडीतून पाठविली. वारा लागू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट बांधली. वाटेत गाडी दोन तास भर उन्हात उभी राहिली. शेतावर ताडपत्री सोडली तर आतून वाफ आली आणि पाने उकडल्यासारखी लोळली होती. रोपे पुन्हा द्यावी लागली आणि सभासदाची लागण लांबली. ताडपत्री नवी होती, चांगली होती, पण त्या मालाला ती नव्हती. तेव्हा झाकण निवडताना पहिला प्रश्न हाच की, आपण जास्त करून वाहतो काय ?

रोपे आणि पालेभाजी यांना ऊन-वाऱ्यापासून आडोसा हवा, पण हवाही खेळली पाहिजे. त्यांना ५० टक्के सावलीची शेडनेट बरी. युरिया हवेतली ओल ओढतो, त्याला पाणी न झिरपणारी ताडपत्रीच पाहिजे आणि पोत्यांखाली लाकडी फळ्या पाहिजेत. नाही तर वरून कोरडे आणि खालून भिजलेले अशी गत होते.

दुसरी गोष्ट वजनाची. काही सभासद हौद्यावर पत्र्याची बंद पेटीच बसवून घेतात. ७ फूट लांब, ५ फूट रुंद व ५ फूट उंच पेटीला छत व चारी बाजू मिळून १५५ चौरस फूट पत्रा लागतो. १.२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे हे वजन सुमारे १३५ किलो होते, अँगलचे वेगळेच. म्हणजे ४५ किलोची युरियाची तीन पोती प्रत्येक खेपेला घरी ठेवावी लागली म्हणा ना ! ६०० किलोच्या गाडीला हे परवडणारे नाही. रिकामी येतानाही ते वजन बॅटरीच ओढणार. शिवाय गाडीच्या बांधणीत असा कायमचा बदल करायचा तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते.

याउलट ताडपत्रीचा हिशेब पाहा. हौदा ७ बाय ५ फूट, माल फाळक्याच्या वर २ फूट आणि प्रत्येक बाजूला १ फूट जादा धरला, तर १३ बाय ११ फुटांची ताडपत्री लागते. दुकानदार जी.एस.एम. म्हणतो ते एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. एच.डी.पी.ई.ची २५० जी.एस.एम.ची ताडपत्री सुमारे ३.३ किलो भरेल, ६५० जी.एस.एम.ची पी.व्ही.सी. सुमारे ८.६ किलो. रोज बांधा-सोडायची असेल तर पी.व्ही.सी. जास्त टिकते. कधीमधीच लागत असेल तर पहिली पुरे. एच.डी.पी.ई. घेताना आय.एस. ७९०३ चा शिक्का आणि उन्हात टिकण्याची प्रक्रिया केली आहे की नाही, हे पाहून घ्यावे. जुनी सुती ताडपत्री मजबूत खरी, पण तिचे मेण गेले की पाणी पिऊन जड होते. रंग शक्यतो पांढरा किंवा चंदेरी घ्यावा, काळ्याखाली माल तापतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरला जो असतो, तो ६० ला सव्वादोन पट होतो. फडफडणारी किंवा फुग्यासारखी फुगणारी ताडपत्री त्यात भर घालते आणि एका चार्जिंगमध्ये होणारी धाव कमी होते. डिझेल वाटेत भरता येते, बॅटरीचे तसे नाही. म्हणून कमानी मालाच्या उंचीइतक्याच ठेवाव्यात आणि ताडपत्री पुढच्या बाजूने आधी ताणून बांधावी.

आता विजेच्या गाडीची खास काळजी :

१) कमानी बसविण्यासाठी हौद्याच्या तळाला भोके पाडू नयेत, वेल्डिंगही करू नये. खाली बॅटरी आणि नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात, त्यांतून मोठ्या दाबाची वीज जाते. कंपनीच्या कारागिराला विचारल्याशिवाय हात लावू नये. हमीही जाईल.

२) चार्जिंगच्या जागेवर ताडपत्रीचे पाणी निथळेल असे टोक सोडू नये.

३) दोराची टोके लोंबती ठेवू नयेत, चाकात गेली तर अपघात ठरलेला.

४) मागचे दिवे व नंबरप्लेट झाकली जाऊ नये.

आमचे सांगणे थोडक्यात असे की, पेटीच्या भानगडीत न पडता एक मापाची ताडपत्री आणि एक शेडनेट अशी दोन्ही जवळ ठेवावीत. दोन्ही मिळून वजन थोडे आणि घडी करून सीटमागे राहतात. रोपे न्यायला येताना मात्र शेडनेट आठवणीने आणावी. प्लॅस्टिक घेऊन आलेल्या गाडीत रोपे भरायची नाहीत, असे आम्ही आता रोपवाटिकेत ठरवूनच टाकले आहे.

— ऊस विकास अधिकारी