दर्शनास आलेल्या मत्स्याहारी कुटुंबाने जेवावे कोठे?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मध्य रेल्वेच्या करी रोड स्थानकावर किती भाविक उतरतात, याची गणती करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की गणेश गल्ली, तेथून चार पावलांवर लालबागचा राजा, आणि मागे वळले की चिंचपोकळीचा चिंतामणी. रांगा कोठून सुरू होतात आणि आरती केव्हा असते, ही माहिती वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्ही आज निराळाच विषय घेतला आहे. भाविक घरांतून तो बोलला जातो, पण काहीशा दबक्या आवाजात. बाहेरगावाहून मुंबईस दर्शनाला यायचे, दोन-तीन दिवस मुक्काम करायचा, आणि घरची रीत अशी, की मासा चालतो पण मांस चालत नाही. अशा कुटुंबाने पान मांडायचे कोठे?

(जाता जाता सांगावयास हवे, की स्थानकाच्या नावातील ‘करी’चा कालवणाशी काडीचाही संबंध नाही. रेल्वेच्या करी नामक एका इंग्रज साहेबाचे ते नाव. स्थानकाचे नाव बदलून ‘लालबाग’ ठेवावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. जुन्या गिरणगावकराच्या तोंडी मात्र करी रोड हेच बसले आहे.)

मासा खाणारा पण मांसास न शिवणारा माणूस परप्रांतीयास नेहमीच कोड्यात टाकतो. गौड सारस्वतांच्या अनेक घरांत हीच रीत आहे, आणि कोकणातील इतर समाजांतही मटण-कोंबडी कधी न चाखलेली पण बांगड्यावाचून घास न उतरणारी वडील माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. यास केवळ जिभेचे चोचले म्हणणाऱ्यांनी महाभारताच्या शल्यपर्वातील सारस्वत मुनींची कथा अवश्य वाचावी. बारा वर्षे अवर्षण पडले. ऋषी अन्नाच्या शोधार्थ दाही दिशा पांगले आणि भुकेच्या पायी वेद विसरले. दधीचि ऋषींचे पुत्र सारस्वत हेही निघाले होते, परंतु त्यांची माता सरस्वती नदी त्यांस म्हणाली, की तू जाऊ नकोस, मी तुला नित्य मत्स्य देईन. ते नदीकाठी राहिले, मत्स्यावर देह धरला आणि वेद राखले. दुष्काळ सरल्यावर साठ हजार ऋषी त्यांच्याकडून पुन्हा वेद शिकले, असे ही कथा सांगते. अनेक सारस्वत कुटुंबे आपल्या आहाराचे मूळ येथे मानतात. कथेतील मत्स्याहार देहधारणेपुरता आहे आणि त्यास मर्यादा आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

ही मर्यादा आजही घरोघरी पाळली जाते. सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य, संकष्टी आणि एकादशी वर्ज्य, श्रावण संपूर्ण वर्ज्य. शासनाची मासेमारीबंदी जून-जुलैच्या ६१ दिवसांची. तिला लागून येणारा श्रावण आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यास हात न लावण्याची कोळ्यांची परंपरा एकत्र पाहिली, म्हणजे मासळीच्या विणीचा काळ आणि आपली व्रते किती जवळून चालतात हे कळते. गणेशोत्सवात तर बहुतेक घरी मूर्ती असेपर्यंत मासळीचे नावही निघत नाही. तथापि सर्वत्र एकच नियम आहे असेही नव्हे. रायगड-ठाण्याकडील काही घरांत ज्येष्ठा गौरीस तिखटाचा, म्हणजे मासळीचा किंवा मटणाचा नैवेद्य असतो, आणि त्या वेळी गणपतीपुढे पडदा धरतात. बंगालमध्ये विवाहाच्या मंगल कार्यात रोहू मासा मानाने पाठवितात. ज्याने त्याने आपल्या घरची रीत पाळावी. शेजाऱ्याच्या ताटात डोकावण्याचे कारण नाही.

आणि लालबागमध्ये उभे राहून मासळीविषयी संकोच बाळगावा, असे तर मुळीच नाही. पेरू चाळीतील बाजार १९३२ मध्ये बंद पडला, तेव्हा कोळी आणि छोटे विक्रेते उघड्यावर बसून व्यवसाय करू लागले. आम्हांस हक्काची जागा मिळू दे, असा नवस त्यांनी गणरायास केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये त्याच नवसाच्या पूर्तीसाठी ‘लालबागचा राजा’ बसला. गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासूनचा, चिंतामणीचा १९२० पासूनचा. पण नवसाला पावणारा म्हणून ज्याची ख्याती सातासमुद्रापार गेली, त्याच्या मुळाशी पाटी डोक्यावर घेऊन ऊनपावसात बसणाऱ्या कष्टकरी माणसांची प्रार्थना आहे. विसर्जनास राजा गिरगाव चौपाटीवर येतो, तेव्हा कोळी बांधव होड्यांतून त्यास सलामी देतात, त्याचा अर्थ हाच.

आता जेवणाकडे वळू. या भागात ‘हॉटेल’ हा शब्द उशिरा रुजला. त्याआधी होती ती खाणावळ. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून गिरणीत आलेले पुरुष घरदार गावी ठेवून चाळीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि जेवत ते शेजारच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या एखाद्या बाईकडे. महिन्याचा हिशेब वहीत. बुधवारी-रविवारी मासळी, सोमवारी उसळ. याच कामगारांतून भजनी मंडळे उभी राहिली. गळ्यात माळ असलेला वारकरी मासळीस शिवत नाही, म्हणून त्याचे वाढप निराळे, आणि मासे खाणाऱ्याचे निराळे. दहा बाय दहाच्या खोलीत हे सोवळे सांभाळणाऱ्या त्या माउलींचे कसब कोणत्याही मोठ्या भटारखान्यास लाजवील असेच होते. सावकाराच्या व्याजाने पिचलेल्या या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची दारे उघडून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि ज्यांच्या पगारावर ही चूल पेटत होती तो पगारच थांबला. आज भोंग्याच्या जागी काचेचे मनोरे आहेत, आणि त्यांतील काही ठिकाणी मासळीच्या वासाचीच अडचण वाटते. खाणावळी पुष्कळशा गेल्या. ज्या उरल्या, त्या आडगल्लीत, पाटीवर फळ्याने लिहिलेल्या आजच्या बेतावर चालतात. त्यांची नावे आम्ही देत नाही, कारण त्यांच्या दारी एकदम शंभर माणसे गेली तर रोजच्या गिऱ्हाइकाचे पान चुकेल. स्थानकाबाहेरच्या एखाद्या पानवाल्यास विचारावे, तो नेमकी गल्ली दाखवितो.

घरी मूर्ती असेल, किंवा दर्शन घेऊन लगेच मासळी खाणे मनास रुचत नसेल, त्यांनी लालबागमध्येच ‘लाडू सम्राट’ गाठावे. शाकाहारी मराठी पदार्थांची इतकी चांगली सोय या परिसरात दुसरी नाही. दादरला पश्चिमेस ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि शिवसेना भवनासमोर १९८६ पासून चालू असलेले ‘आस्वाद’ आहेच. मत्स्याहारी असलेल्या गौड सारस्वतांच्या किंग्ज सर्कल येथील जी.एस.बी. सेवा मंडळाच्या उत्सवात प्रसादाचे भोजन शुद्ध सात्त्विक असते, हेही येथे लक्षात घ्यावे.

विसर्जन झाले, वार अनुकूल आहे, आणि घरच्या रीतीस बाध येत नाही, अशा कुटुंबाने करी रोडहून रेल्वेने दोन स्थानके पुढे दादरला जावे, हे आमचे स्पष्ट मत. दादर पश्चिमेस आर. के. वैद्य मार्गावर ‘सिंधुदुर्ग’ आहे, आणि शिवसेना भवनाच्या परिसरात ‘चैतन्य’. दोन्हीकडे मालवणी पद्धतीचे जेवण मिळते. बसावयास ऐसपैस जागेची अपेक्षा ठेवू नये. दुपारी एकच्या आत पोहोचावे, नाही तर बाहेर उभे राहण्याची तयारी ठेवावी. दोन्हीकडे कोंबडी-मटणाचेही पदार्थ होतात. म्हणून मांसास न शिवणाऱ्या माणसाने काय विचारावे, ते थोडे विस्ताराने सांगतो.

मालवणी स्वयंपाकात दोन वाटणे असतात. माशाच्या कालवणास सहसा ओल्या खोबऱ्याचे वाटण, त्यात मिरची, धणे, कोकम, आणि बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशास तिरफळ. मटण-कोंबडीस भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण. त्यामुळे साध्या माशाच्या कालवणात मांसाचा संसर्ग येण्याचा संभव मुळातच कमी. परंतु तिसऱ्यांचे सुके किंवा कोळंबीचा मसाला यांस कित्येक ठिकाणी भाजके वाटणच वापरतात, आणि ते एकाच पातेल्यातून काढलेले असू शकते. तेव्हा वाढप्यास विचारावे, की वाटण कोणते आणि डाव कोणता. तळलेल्या माशाबद्दल विचारावे, की तवा आणि तेल निराळे आहे का. बोंबलास किंवा सुरमईस वरून रवा वा तांदळाचे पीठ लावले आहे, की अंड्यात बुडविले आहे, हेही विचारावे. अंडे वर्ज्य असलेल्या घरांची येथे फसगत होते. असे विचारण्यात कमीपणा नाही. जुना वाढपी उलट खूष होतो, आणि उत्तर देताना कांकूं झाली तर आपण भात, कालवण आणि सोलकढी एवढ्यावरच थांबावे. त्यातही पोट भरते आणि मनही.

मागवावे काय? पापलेट हा २०२३ पासून राज्याचा मासा झाला असला, तरी उत्सवाच्या दिवसांत त्याचा भाव असा चढतो की चार माणसांच्या कुटुंबाचे अर्धे पैसे त्याच्यावरच जातात. आमची शिफारस बांगड्याची. भाद्रपद-आश्विनात तो ताजा येतो, स्वस्त असतो, आणि तिरफळाचा सुवास त्याच्याइतका कोणत्याच माशास शोभत नाही. बोंबील मागवावा तो पाट्याखाली दाबून पाणी काढलेला, तळल्यावर कुरकुरीत होणारा. काट्यांची सवय असेल त्यानेच कर्लीस हात घालावा. लहान मुले बरोबर असतील तर सुरमईचा तुकडा बरा. सोलकढी शेवटी भातावर घ्यावी. ती प्रारंभीच पेलाभर पिण्याची अलीकडची चाल आम्हांस पसंत नाही.

गिरगावकडे जाणाऱ्यांनी १८९३ पासून चालत आलेल्या केशवजी नाईक चाळीच्या गणपतीचे दर्शन घ्यावे. तेथून जवळच खोताच्या वाडीत ‘अनंताश्रम’ होते. गोमंतकीय पद्धतीचे हुमण, मोजकी बाके, आणि गिऱ्हाइकाची मिजास खपवून न घेणारे यजमान, अशी त्याची कीर्ती होती. ते आता बंद झाले आहे, तेव्हा जुन्या लेखांवर विसंबून कोणी वाडीत शोधीत फिरू नये. वाडीतील जुनी लाकडी घरे मात्र पाहण्यासारखी आहेत. फोर्टात ‘महेश लंच होम’ आहे, परंतु तेथील थाट आणि दर दोन्ही निराळे, पद्धत मंगळुरी, आणि मांसाहाराचे पदार्थही आहेत. पाहुण्यांस घेऊन जाण्यास ते ठीक. पाठारे प्रभूंचे भुजणे किंवा आटले खावयाचे असेल, तर त्या घरांत ओळख काढण्यावाचून गत्यंतर नाही. हॉटेलात ते क्वचितच मिळते.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. सोमवारी, गुरुवारी वा शनिवारी मासळीचे जेवण टाळावे, आणि हे ज्यांस वाराचे बंधन नाही त्यांनाही लागू आहे. त्या दिवशी निम्मे गिऱ्हाईक उपासाचे असते, मासळी कमी उचलली जाते, आणि आदल्या दिवशीची शिल्लक ताटात येण्याचा संभव वाढतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे दिवस धरावेत. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस पौर्णिमेचा असतो आणि त्यानंतर पितृपक्ष लागतो. दहा दिवसांचा गणपती असलेल्या घरांस ही मधली संधी एका दिवसाचीच मिळते. त्या दिवशी दादरच्या खाणावळींत बाराच्या ठोक्यालाच रांग लागते. साडेअकराला पोहोचावे.