‘गो अराउंड’ कोणी ऐकलेच नाही

दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान २२ मे २०१० रोजी सकाळी मंगळूरच्या धावपट्टीवर उतरले, ते थांबलेच नाही. टोकापलीकडच्या दरीत कोसळून पेटले. १६६ जणांपैकी ८ वाचले. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस आखातात आहे, त्यांना त्या विमानात कोण कोण असेल हे सांगायला नको.

विमान बिघडलेले नव्हते. हवाही चांगली होती. मग झाले काय? एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी समितीने कॉकपिटमधले रेकॉर्डिंग तपासले, तेव्हा त्यात मुख्य वैमानिकाचे घोरणे ऐकू आले. दीड तासाहून अधिक वेळ तो झोपला होता. गाढ झोपेतून उठल्यावर काही वेळ डोके जड राहते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. त्याला त्या अवस्थेत डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर विमान उतरवायचे होते. विमान हवे त्यापेक्षा फार उंचावरून येत होते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटले. म्हणजे उतरणे सोडा, पुन्हा वर चला, फेरी मारून नीट या. ऐकले गेले नाही. निम्म्याहून अधिक धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोरोनात अडकलेल्यांना दुबईहूनच आणणारे विमान कोझिकोडला असेच घसरून दरीत गेले. २१ जण दगावले, त्यात दोन्ही वैमानिक. आग लागली नाही म्हणून बाकीचे वाचले. इथे कारणे जास्त होती: पाऊस, पाठीमागून वारा, नीट न चालणारा वायपर. शिवाय मुख्य वैमानिकाला दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढचे उड्डाण करायचे होते. इथेही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते.

दोन्ही वेळा बरोबर बोलणारा हुद्द्याने लहान होता, आणि मला तरी हेच सगळ्यांत गंभीर वाटते. कनिष्ठाने ठासून बोलावे, वरिष्ठाने ऐकावे, याचे प्रशिक्षण वैमानिकांना कित्येक वर्षांपासून दिले जाते. पण चारचौघांत मोठ्यांना टोकायचे नाही, ही सवय लहानपणापासूनची असते, ती वर्गात बसून जात नाही.

उतरता उतरता विमान एकाएकी वर उचलले की आत कुजबुज सुरू होते, पायलट नवशिका दिसतो म्हणून. तो नेमके तेच करत असतो, जे त्या दोन विमानांत झाले नाही. थोडा उशीर होतो, इतकेच. घ्यायला आलेली घरची माणसे बाहेर उभी असतात.