ट्रकच्या पोटाखालचे दोन कोन

न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून उरण तालुक्यातल्या मुलांना ट्रकची ओळख करून द्यावी लागत नाही. कुठला ट्रेलर वीस फुटी डबा नेतो, कुठला चाळीस फुटी, कुठल्या गाडीला किती चाकं, हे पाचवीतलं पोर सांगतं. या मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. इंजिन पुढे असतं आणि गाडी ढकलणारी चाकं मागे असतात. मग इंजिनाची फिरकी मागे पोचते कशी?

ट्रकच्या पोटाखालून जाणारा जाड नळीसारखा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, बऱ्याच मुलांनी पाहिलेला असतो. त्याचं पुढचं टोक गिअरबॉक्सला आणि मागचं टोक डिफरन्शियलच्या पिनियनला जोडलेलं असतं. पण खरी गंमत दांड्यात नाही, त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांत आहे. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो. मागचा ॲक्सल मात्र कमानीच्या पाट्यांवर वरखाली होत राहतो. त्यामुळे शाफ्ट कधीच दोन्हीकडे सरळ रेषेत बसत नाही. वाकून फिरता येईल असा सांधा दोन्ही टोकांना लागतोच. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात. अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या समोरासमोरच्या दोन भुजा एका यू-आकाराच्या योकमध्ये आणि उरलेल्या दोन दुसऱ्या योकमध्ये, अशी त्याची रचना असते. प्रत्येक भुजेवर सुईसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग असतं.

या सांध्याला युरोपात कार्डानोचं (१५०१–१५७६) नाव मिळालं. जहाजावरचं होकायंत्र आडवं राहावं म्हणून दोन कड्यांत टांगतात, ती युक्ती याच कुळातली आणि कार्डानोच्याही पुष्कळ आधीची. फिरकी पुढे नेण्यासाठी तिचा वापर इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं (१६३५–१७०३) केला. स्प्रिंगच्या नियमामुळे आपल्या पाठ्यपुस्तकात येतो तोच हा हूक. १६७६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्यानं या सांध्याचं वर्णन केलं. सांध्याचा एक खोडकरपणाही त्याच्या ध्यानात आला होता. एक दांडा अगदी एकसारख्या वेगानं फिरवला तरी वाकून जोडलेला दुसरा दांडा एकसारखा फिरत नाही. फेरा एकाच वेळी पुरा होतो, पण फेऱ्याच्या आत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो.

हे मुलांना पटवायला मोठं गणित लागत नाही. क्रॉसची एक भुजा, मधल्या बिंदूपासून टोकापर्यंत, ५ सेंटिमीटर आहे असं धरू. दोन दांड्यांत ३०° चा कोन आहे. दोन्ही दांडे टेबलावर आडवे ठेवले आहेत. ज्या क्षणी फिरवणाऱ्या योकची भुजा टेबलाला समांतर असते त्या क्षणी तिचं टोक सरळ वर (किंवा खाली) चाललेलं असतं. पहिल्या दांड्याच्या अक्षापासून हे टोक ५ सेंटिमीटरवर आहे. पण दुसऱ्या दांड्याच्या अक्षापासून? तो अक्ष ३०° नं कललेला, म्हणून अंतर ५ गुणिले कोसाइन ३०°, म्हणजे ४.३३ सेंटिमीटर. टोकाचा वेग तोच, त्रिज्या मात्र लहान. म्हणजे दुसऱ्या दांड्याला जास्त जलद फिरावं लागणार. पाव फेऱ्यानंतर परिस्थिती उलटते. आता दुसऱ्या योकची भुजा टेबलाला समांतर आली. तिच्या टोकाचं पहिल्या अक्षापासूनचं अंतर ४.३३ आणि दुसऱ्यापासूनचं ५, म्हणून दुसरा दांडा मागे पडतो. जास्तीत जास्त वेग हा मूळ वेगाला कोनाच्या कोसाइननं भागून मिळतो आणि कमीत कमी वेग गुणून मिळतो. ‘कोसाइनचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या दहावीच्या वर्गाला ट्रकखाली मिळालेलं हे उत्तर आम्हाला फार आवडतं.

ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या, एक मीटर व्यासाची चाकं असलेल्या ट्रकचं चाक सेकंदाला सुमारे ५.३ फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ६ धरलं तर शाफ्टचे मिनिटाला साधारण १९०० फेरे होतात. हिशेबाच्या सोयीसाठी २००० घेऊ. सांध्याचा कोन ३° असेल तर शाफ्टचा वेग १९९७ ते २००३ यांच्या दरम्यान डोलेल. कोन १०° झाला तर १९७० ते २०३१. फरक तीन टक्क्यांचाच, पण हे डोलणं प्रत्येक फेऱ्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ वेळा होतं. डझनावारी किलो वजनाच्या नळीला इतक्या वेळा पुढे ढकलायचं आणि मागे खेचायचं. लहान कोनांसाठी हा धक्का कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोन दुप्पट तर धक्का चौपट.

मग सगळे ट्रक खडखडत का नाहीत? कारण मागे दुसरा क्रॉस आहे. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत बसवलेले असले, तर पुढचा सांधा जेवढा घाई करतो तेवढाच मागचा सांधा आळस करतो. मधला शाफ्ट डोलत राहतो, पण पिनियनपर्यंत एकसारखीच फिरकी पोचते. म्हणून गिअरबॉक्सचा दांडा आणि पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर ठेवतात. शाफ्ट त्यांच्याशी कितीही अंशांत (अर्थात मर्यादेत) तिरका असो, समांतरपणा हवा.

आता ट्रकात केलेल्या बदलांकडे येऊ. कमानीत जादा पाटे घालून गाडी उचलणं, चासी वाढवणं, गिअरबॉक्स बदलणं ही आपल्याकडची नेहमीची कामं. (नोंदणीतल्या तपशिलांपासून वेगळी ठरेल अशी फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाला येईल तशी करता येत नाही, हे मुलांना सांगायला हरकत नाही.) कामगिरी पुरी होते, गाडी रस्त्यावर येते आणि ठरावीक वेगाला सीटखालून घरघर जाणवू लागते.

एक उदाहरण सोडवू. सगळे उतार पुढून मागे जाताना, आडव्या रेषेपासून मोजायचे. बदलाआधी गिअरबॉक्स ३° उतरता, शाफ्ट ७°, पिनियन ३°. पुढच्या सांध्याचा कोन ७ वजा ३, म्हणजे ४°, मागचाही ४°. छान. पाटे वाढवले, गाडी उचलली गेली, शाफ्ट ९° झाला. शिवाय कमानीचा एका टोकाचा ब्रॅकेट बदलल्यामुळे ॲक्सल किंचित गोल फिरला, पिनियनचं नाक खाली गेलं आणि त्याचा उतार १° च राहिला. आता पुढचा कोन ६°, मागचा ८°. फरक अवघा २°. दुर्लक्ष करावं असं वाटतं ना? पण धक्के कोनाच्या वर्गावर अवलंबून आहेत, म्हणून वजाबाकीही वर्गांची करायची. ६४ वजा ३६, म्हणजे २८. त्याचं वर्गमूळ ५.३. जणू मागे दुसरा सांधाच नाही आणि ५.३° चा एकटा सांधा थेट पिनियनला झटके देतो आहे.

इथे एक सुचणारा उपाय असा: पिनियनचं नाक वर उचलून त्याला शाफ्टच्या सरळ रेषेत आणायचं. डोळ्यांना ते फार बरं दिसतं. मागचा सांधा वाकतच नाही, मग त्रास कसला? हिशेब करू. पिनियन ९°, मागचा कोन शून्य, पुढचा ६°. पुढच्या सहा अंशांची घाई निस्तरायला मागे कोणी उरलंच नाही. आधी ५.३° चा त्रास होता, आता पुरा ६° चा. भरीला आणखी एक तोटा. कोन शून्य असला की क्रॉसच्या बेअरिंगमधले रोलर हलत नाहीत, त्याच त्या जागी दाबून भुजेवर खाचा पाडतात. म्हणून थोडा कोन मुद्दाम ठेवतात. (पुढच्या टोकाला दोन क्रॉसचा जोडसांधा असेल तर पिनियन शाफ्टच्या रेषेत ठेवणं बरोबर ठरतं, कारण घाई आणि आळस तिथल्या तिथे मिटतात. काही जीपगाड्यांत असा सांधा असतो. तिथलं पाहून इथे केलं की फसगत होते.)

खरा उपाय साधा आहे. कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये २° ची पोलादी पाचर घालून पिनियन पुन्हा ३° वर आणायचा. दोन्ही कोन ६° होतात. पाचर उलटी बसली तर पिनियन दुसऱ्या बाजूला जातो, मागचा कोन १०° होतो आणि त्रास ८° च्या सांध्याएवढा वाढतो. मात्र ६° आणि ६° म्हणजे सगळं संपलं असंही नाही. पिनियन सुखी झाला तरी मधला शाफ्ट अजून आधीच्या सव्वादोनपट धक्के खातोच आहे. म्हणून कोन सारखे हवेत आणि लहानही हवेत. नेहमीच्या वेगानं पळणाऱ्या मालट्रकासाठी तीन अंशांच्या आसपासचा कोन चांगला मानतात.

मोजायचं कसं? शाळेतला कोनमापक, दोरा आणि वजन यांचा ओळंबा पुरतो. मिस्त्री हल्ली मोबाइल फोनही टेकवतात. जमीन सपाट नसली तरी बिघडत नाही. आपल्याला वजाबाक्याच करायच्या आहेत, जमिनीचा उतार तिन्ही मापांत सारखाच मिसळतो आणि निघून जातो. गाडी कोणत्या अवस्थेत मोजायची हे जास्त महत्त्वाचं. बंदराकडे डबा घेऊन जाणारी आणि रिकामी परतणारी गाडी कोनांच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गाड्या आहेत. भरल्यावर पाटे बसतात, ॲक्सल चासीजवळ येतो आणि शाफ्टचा उतार कमी होतो. ज्या भारानं गाडी सर्वांत जास्त धावते त्या भारावर मोजावं. मुलांना ट्रकखाली मात्र जाऊ देऊ नये. माप मिस्त्रीनं घ्यावं, हिशेब मुलांनी करावा.

वर्गात दाखवायला बॉक्स पान्यांच्या संचातले दोन युनिव्हर्सल जॉइंट आणि एक एक्स्टेंशन दांडा मिळवा. आधी एकच जॉइंट ३०° वाकवून दोन लाकडी ठोकळ्यांत धरा. दोन्ही बाजूंना कागदी कोनमापक आणि काटा लावा. फिरवणारी भुजा टेबलाला समांतर असताना दोन्ही काटे शून्यावर ठेवा. एका बाजूला १५° फिरवलं की दुसरीकडे सुमारे १७° दिसतील, ४५° ला ४९°, ७५° ला ७७° आणि ९०° ला बरोबर ९०°. मग मध्ये दांडा घालून दोन्ही जॉइंट ३०° नं वाकवा, पहिला आणि तिसरा दांडा समांतर ठेवा. ४५° ला ४५° मिळाले तर योक जुळले. आता एक जॉइंट चौकोनी खुंटीतून काढून पाव फेरा वळवून बसवा. कोन तेच, भागही तेच, पण ४५° ला आता ५३° येतील. दोन्ही सांधे एकाच वेळी घाई करू लागले.

हे शेवटचं मॉडेल ट्रकात रोज घडू शकतं. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, ते खाचांनी एकमेकांत सरकतात. दुरुस्तीला उघडला आणि जोडताना एखादी खाच चुकली, तर कोन कितीही नेमके लावले तरी उपयोग नाही. जाणता मिस्त्री उघडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची किंवा छिन्नीची एकच रेघ ओढून ठेवतो. शाफ्टवर बाणांच्या खुणा असतात त्याही याचसाठी.

जाता जाता हूकची एक गोष्ट. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या कोनांचं जे नातं आहे तेच आडव्या छायाघड्याळातल्या तासांच्या रेघांचंही आहे, हे त्यानं ओळखलं होतं. सूर्य तासाला १५° सरकतो, पण उरणच्या सुमारे १८.९° अक्षांशावर बारा ते एकच्या रेघांत केवळ ५° चं अंतर येतं आणि पाच ते सहाच्या रेघांत जवळजवळ ४०° चं. सांधा ७१° वाकवता आला तर तो उरणचं छायाघड्याळ आखून देईल.

घरघर कोनांची की आणखी कशाची, हेही ओळखता येतं. शाफ्टचा तोल बिघडला असेल तर कंप प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो, आणि सांध्यांचे कोन बिघडले असतील तर दोनदा. आपल्या ट्रकच्या ताशी ६० किलोमीटर वेगाला पहिला सेकंदाला ३२ वेळा, दुसरा ६४ वेळा. चालकाच्या पाठीला फरक कळेलच असं नाही, पण क्रॉस आणि पिनियनच्या दातांना तो नक्की कळतो. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक सुटलं तर ते रस्त्यात रुतू शकतं आणि भरला ट्रक चालकाच्या हातात राहत नाही. म्हणून शाफ्टभोवती पोलादी पट्टीचं कडं बांधतात. बदल केलेल्या गाडीत हे कडं आपल्या जागी परत बसवलं आहे ना, तेवढं ओळंबा गुंडाळण्याआधी पाहून घ्यावं.