छतावर मावेल तेवढंच

जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं, वर सोलर बसवायचं, तर आधी काय मोजायचं? पॅनल? नाही. आधी गरज मोजायची.

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतन सिंह सोलंकी २०२० साली अशाच बसमधून ऊर्जा स्वराज यात्रेला निघाले. छतावर ३.२ किलोवॅटचे पॅनल, आत ६ युनिट साठवणारी बॅटरी.

आता हिशेब करा. रात्री ८ तास एसी लावला, तासाला १ युनिट धरा, तर ८ युनिट लागले. बॅटरीत आहेत ६! म्हणजे पहाटेच्या आधीच अंधार. पॅनल वाढवावेत, तर छत संपलेलं. बॅटरी वाढवावी, तर जुन्या चासीवर वजन. त्याऐवजी ६० वॅटचा पंखा लावा, तो रात्रभरात अर्धा युनिटसुद्धा खात नाही.

म्हणून सोलंकी क्रम सांगतात: आधी वापर टाळा, मग कमी करा, उरलेल्यापुरती वीज स्वतः निर्माण करा.

कालव्याच्या टोकाला शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आवर्तन लांबलं की मर्यादा आपोआप कळते. घरात बटण दाबताना ती दिसत नाही, एवढंच. दिसत नाही म्हणजे नाही, असं मात्र नव्हे.