न परतणाऱ्या शिपायांचे वाचक

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुण्यानं मात्र ते लवकर मानलं नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पुढे भाऊंचं नाव सांगत एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातले किल्लेही त्याच्याकडे गेले. १७७६ साली त्याला देहदंड झाला. भाऊ परत यावेत अशी ओढ लोकांच्या मनात नसती, तर त्या तोतयाला कोणी दारातही उभं केलं नसतं.

भाऊ हाडामांसाचे होते. पण जो कधी जन्मलाच नाही, अशा शिपायासाठीही माणूस तितकाच अडून बसतो. खेळात मांडलेली लढाई कोणी हौसेनं कागदावर उतरवतो आणि वाचणारे तिच्यातल्या माणसांत गुंततात. या नात्याचा गेल्या दोनशे वर्षांचा माग काढता येतो.

सुरुवात इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावी होते. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटी यांनी लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. ब्रॅनवेल आणि त्याच्या तिघी बहिणींनी, शार्लट, एमिली आणि ॲन यांनी, ते वाटून घेतले. शार्लटचा शिपाई झाला वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. त्या खेळातून ग्लास टाउन उभं राहिलं, पुढे अँग्रियाचं राज्य झालं. लढाया, बंडं, कारस्थानं तळहातात मावतील अशा वह्यांत बारीक अक्षरांनी लिहिली गेली. दहा वर्षांनी शार्लट घरापासून दूर एका शाळेत शिकवत होती आणि इकडे ब्रॅनवेल युद्ध पुढे नेत होता. तेव्हा तिनं लिहून ठेवलेली काळजी आजही वाचायला मिळते: भावानं कथेतल्या डचेसला खरंच मारलं का, तिला पुरलंसुद्धा का? ते जग तिनंच अर्धं घडवलं होतं, पण त्या घटकेला ती फक्त वाचक होती आणि निकाल दुसऱ्याच्या हातात होता.

याच काळात प्रशियाच्या सैन्यात लढाईचा खेळ रुजला. १८२४ मध्ये राइसवित्झ यांनी मांडलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये नकाशा, पंच आणि फासे होते. अधिकाऱ्यानं डाव कितीही हुशारीनं आखला तरी फाशांचा कौल मानावाच लागे. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून हा नाद घरच्या जमिनीवर आणला. त्या पुस्तकात त्यांनी खेळातली एक लढाई सेनापतीच्या आठवणींच्या थाटात सांगितली. वर्षभरात खरं महायुद्ध पेटलं.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि मोठा बदल झाला. खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एकच माणूस आला. पलटणीचा आकडा लक्षात राहत नाही, एका माणसाचं मरण राहतं. जपानमध्ये १९८६ पासून अशा खेळांच्या बैठकांचे वृत्तांत मासिकात छापले जाऊ लागले, आणि त्यातून ‘लोडॉस’च्या कादंबऱ्या निघाल्या. १९९४ मध्ये संगणकावर आलेल्या ‘एक्स-कॉम’मध्ये प्रत्येक शिपायाला नाव होतं, आणि मेलेला शिपाई परत येत नसे.

पुढची वीसेक वर्षं या हौशी लेखनाच्या बहराची. लेखक एकेक मोहीम खेळून तिचा वृत्तांत कथेच्या रूपात लिहू लागले. वाचक आपलं नाव शिपायाला द्या म्हणू लागले. बरेच लेखक आरंभीच शब्द देत: खेळ जतन केलेल्या जागी मागे जाऊन हार पुसायची नाही. वाचकाच्या जिवाला घोर लागतो तो या शब्दामुळे. जवळजवळ नक्की लागणारा नेम चुकतो, सात भागांपासून ओळखीचा झालेला माणूस कोसळतो, आणि लेखकही वाचकाइतकाच हतबल असतो. इथे रडवण्यासाठी कोणी कोणाला मारलेलं नसतं. भाषा ओबडधोबड असली, शुद्धलेखन चुकलं, तरी ते दुःख खरं वाटतं ते म्हणून.

मराठी वाचकाला ही हतबलता ओळखीची आहे. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ कादंबरी १९८८ साली आली. शेवट काय, हे पहिल्या पानापासून माहीत असूनही वाचक पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावांना, गोळी लागू नये म्हणून आतून धडपडतो. कादंबरीकाराला ती गोळी अडवता येत नाही. ती अडवली कोणी? जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत गोळी विश्वासरावांना चाटून जाते, मराठे जिंकतात, इतिहास दुसऱ्या वाटेला लागतो. पण त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पोचलेल्या गंगाधरपंतांना तिथे राहता येत नाही. ते परततात ते बखरीचं एक फाटकं पान घेऊन. पुण्यानं ज्यासाठी वाट पाहिली, ते त्या पानात घडतं, आणि तरीही आपलं पानिपत हरलेलंच राहतं. आज ‘युरोपा युनिव्हर्सालिस’सारख्या खेळात कोणीही मराठ्यांची बाजू घेऊन तीच वाट धरू शकतो.

पण असे खेळ सगळीकडे पोचत नाहीत. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्यासारख्या रानातल्या गावांत, मोबाइलची रेंज आजही भरवशाची नसते. तिथे मोठे खेळ उतरवून घेणं अवघड. लिहिलेली लढाई मात्र सहज पोचते, आणि लिहायला वहीही पुरते. बेळगावापासून पुण्यापर्यंत आपली मुलं दर दिवाळीला किल्ले बांधतात, बुरुजांवर मावळे मांडतात, वेढे घालतात. हॉवर्थच्या मुलांपाशी याहून जास्त काही नव्हतं. त्यांनी फक्त रोजचा डाव लिहून ठेवला आणि एकमेकांचं लिहिलेलं जीव लावून वाचलं. आपल्या मुलांना एवढंच सांगायला हवं: मावळ्याला नाव द्या, त्याची लढाई लिहा, भावंडांना वाचून दाखवा. आणि तो पडला तर कोणी कितीही रडलं, तरी त्याला उठवू नका. त्याच्यासाठी रडणारा पहिला वाचक तुम्हाला तिथेच भेटेल.