गाणं लावा, पण आजीचा आवाज ठेवा!

दिवाळीला पुण्याहून नांदेडला नाहीतर लातूरला गेलात, की आईच्या कपाटाच्या वरच्या फळीवर एकदा हात घालून बघा. लग्नाच्या अल्बमशेजारी एखादी काळी व्हिडिओ कॅसेट असेलच. वर बॉलपेननं लिहिलेलं, ‘शुभविवाह, भाग १’. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्याकडे लग्न म्हटलं की ‘शूटिंग’ आलंच. डोळे दिपवणारा सनगनचा उजेड, खांद्यावर भलामोठा कॅमेरा आणि पंगतीत नेमका घास तोंडात असताना वळणारा तो कॅमेरावाला!

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ही कॅसेट ‘डिजिटल’ करून द्यायची आयडिया झकासच आहे. त्यावर छानसं गाणं टाकायचं, फॅमिली ग्रुपवर सोडायचं, की झालं! पण थांबा. त्या गाण्याखाली काय दबतंय, ते आधी ऐका.

घाई कशासाठी?

व्हीएचएस आली १९७६ मध्ये, जपानच्या जेव्हीसी कंपनीकडून. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नवं मशीन मिळणं संपलं. जुन्या मशीनचे पार्ट आणि ते दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होताहेत. युनेस्कोनं २०१९ मध्ये जगभर ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ दिला, तेव्हा टेपवरचा ठेवा वाचवायला २०२५ पर्यंतचाच वेळ हाताशी असल्याचा इशारा होता.

त्यात आपलं हवामान. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेले चुंबकीय कण. मे महिन्यात चाळिशीपार जाणारा पारा, मग पावसाळ्याची ओल, आणि कॅसेट पत्र्याखालच्या माळ्यावर! कण धरून ठेवणारा थर खराब होतो, बुरशी चढते. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती मशीनमध्ये अजिबात घालू नका. टेप फाटेल, मशीनचं हेड घाण होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

एकदाच झालेला कार्यक्रम

आता खरा मुद्दा. चित्र थोडं फिकं झालं तरी माणूस ओळखू येतो, फोटोतही दिसतो. पण आवाज? मामानं खास त्या लग्नासाठी रचलेली आणि आत्यानं थरथरत म्हटलेली मंगलाष्टकं, हळदीला बायकांनी धरलेली गाणी, घास भरवताना आईनं लाजत घेतलेलं नाव. हा कार्यक्रम एकदाच झाला. त्याची दुसरी नोंद बहुतेक घरांत नाहीच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज ऐकता येतात. आपल्या घरातल्या आवाजासाठी असं कोण येणार? ते काम त्या कॅसेटनंच केलंय.

लातूर-धाराशिवकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याआधीच्या एखाद्या लग्नाची कॅसेट त्या भागातल्या नातेवाइकाकडे राहिली असेल, तर अक्षता टाकणाऱ्या त्या गर्दीत नंतर कधीच न दिसलेली माणसं चालता-बोलताना असू शकतात. त्यांच्या आवाजावर सिनेमाचं गाणं चढवायचं?

खरं तर तेव्हाच्या मिक्सिंगवाल्यांनी हे आधीच केलेलं असतं. बदामाच्या फ्रेममध्ये नवरा-नवरी आणि वर दणदणीत गाणं! अशा वेळी नातेवाइकांकडे मिक्सिंग न केलेली मूळ कॅसेट आहे का, विचारा. आणखी एक गंमत. हाय-फाय व्हीएचएस मशीन एक आवाज चित्राच्याच पट्ट्यात नोंदवायचं आणि साधा आवाज टेपच्या कडेला. रेकॉर्डिंग हाय-फाय असेल आणि गाणं नंतर ‘ऑडिओ डब’ करून फक्त कडेला चढवलेलं असेल, तर मूळ आवाज आत शाबूत असू शकतो. हाय-फाय प्लेअरवर लावून बघायला काय हरकत आहे?

दोन कॉपी, दोन कामं

वजिराबादेत किंवा गंजगोलाईच्या आसपास जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी करा. घरी चालू व्हीसीआर असेल तर यूएसबी कॅप्चर कार्डवरही काम होतं. पण घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

पहिली कॉपी ‘मास्टर’. पूर्ण लांबीची, मूळ आवाजासकट, कुठलाही इफेक्ट नाही, गाणं नाही. तिला हात लावायचा नाही.

दुसरी कॉपी मजेची. आठ-दहा मिनिटांत बसवा, हवं ते संगीत घाला. वरात, पंगत, आहेर यांवर गाणं शोभतं. कुणी बोलायला लागलं की ते हळू करा. कॅसेटमध्येच सनई किंवा बँडचा चांगला तुकडा असेल तर तोच वापरा. सिनेमाचं गाणं टाकून यूट्यूबवर चढवाल तर कॉपीराइटवरून व्हिडिओ अडकूही शकतो.

हे विसरू नका

• दुकानात टाकण्याआधी कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही.
• जुनं चौकोनी चित्र रुंद स्क्रीनभर ताणू नका. आत्या उगाच जाड दिसते!
• मास्टरच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे.
• कॅसेट फेकू नका. उभी, कोरड्या आणि थंड जागी ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मास्टर हातात आली की आजी-आजोबांना शेजारी बसवून ती एकदा पूर्ण लावा. ‘फेटा बांधलेले हे कोण? ही छोटी कुणाची?’ असं विचारत जा आणि मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. त्यातली निम्मी नावं आज फक्त त्यांनाच माहीत आहेत.